नाव बदललेल्या जर्नलचा संदर्भ कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. मार्च-एप्रिल आला की इकडे दोन गोष्टी तापतात: ऊन आणि प्रबंध जमा करायला निघालेले विद्यार्थी. त्या दिवसांत माझ्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच गोष्टीचे असतात. जर्नलचं नाव बदललंय, आता संदर्भसूचीत काय लिहू? तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर आधीच येऊन गेलंय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, जर्नलचं नाव मध्येच बदललंय. सूचीत जुनं लिहू की नवं?

लेख छापला गेला तेव्हा जे नाव होतं ते. एपीए, एमएलए, शिकागो, व्हँकुव्हर या संदर्भशैलींत स्वल्पविराम कुठे आणि वर्ष कुठे यावरून मतभेद आहेत, या बाबतीत नाहीत.

उदाहरण घ्या. एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसूरकडच्या एका खेड्याच्या समाजरचनेवरचा लेख १९५१ साली 'इकॉनॉमिक वीकली'त आला. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे नाव १९६६ पासूनचं. सूचीत १९५१ आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' एकत्र लिहिलंत, तर जन्माला यायला अजून पंधरा वर्षं असलेल्या साप्ताहिकात तुम्ही लेख छापून आणला असा अर्थ होतो. व्हायवाला बसलेला जाणता परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

२. पण आज ते नव्या नावानेच चालतं ना? जुन्या नावाने शोधणाऱ्याला सापडेल कसं?

हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी सातबाऱ्यावरून समजावतो. तुमच्या आजोबांनी १९५२ साली यावल तालुक्यात जमीन घेतली असेल, तर खरेदीखतावर 'जिल्हा पूर्व खानदेश' असं असतं. पुढे जिल्ह्याचं नाव जळगाव झालं, जमीन वडिलांच्या नावावर आली, मग तुमच्या. म्हणून ते जुनं खत कुणी खोडून नव्याने लिहीत नाही. बदल झाला की फेरफार पडतो, आणि फेरफार धरत मागे गेलं की मूळ कागद सापडतो.

जर्नलचे फेरफार ग्रंथालयांच्या सूचीत असतात. तिथे प्रत्येक नावापुढे 'आधीचं नाव' आणि 'नंतरचं नाव' अशी नोंद असते. आयएसएसएन म्हणजे जर्नलच्या नावाला मिळणारा आठ अंकी क्रमांक, त्याच्या पोर्टलवर ती दिसते, वैद्यकीय जर्नलांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत दिसते. तुम्ही जुनं नाव बरोबर लिहिलंत की शोधणारा या साखळीने आजच्या नावापर्यंत येतो. नवं नाव लिहून ठेवलंत तर तो चुकीच्या कपाटासमोर उभा राहतो, कारण बांधीव खंडांच्या पाठीवर अजून जुनंच नाव सोनेरी अक्षरांत आहे.

३. त्या वेळचं नाव नेमकं कुठे बघायचं?

त्याच अंकाच्या शीर्षकपानावर. अंक हाती नसेल तर पीडीएफच्या पहिल्या पानावर, वरच्या किंवा खालच्या पट्टीत. वेबसाइटच्या माथ्यावरचं नाव धरू नका, ते आजचं असतं. मुखपृष्ठावरही कधी कधी नुसती मोठी आद्याक्षरं छापतात आणि पूर्ण नाव आत असतं. दोन्हींत फरक पडला तर आतलं धरा.

४. संदर्भ जमवणाऱ्या झोटेरोने आपोआप नवंच नाव भरलं. सॉफ्टवेअर चुकेल का?

चुकतं, आणि भरपूर चुकतं. खरं तर चूक झोटेरोची किंवा मेंडेलेची नसते. प्रकाशकाने सगळे जुने अंक आजच्या नावाखाली एका ठिकाणी रचलेले असतात आणि सॉफ्टवेअर तिथून माहिती उचलतं.

आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे फार भोवतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'चा केमिकल सायन्सेसचा भाग २००४ पासून 'जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस' झाला. १९९० सालचा लेख उतरवून घेतला की नोंदीत नवं नाव येऊ शकतं. मग सूचीत दहा-बारा नोंदी अशाच, सगळ्या २००४ च्या आधीच्या. भूशास्त्रवाल्यांचंही तेच: 'अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्सेस' हा भाग २००५ पासून 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स' आहे.

उपाय कंटाळवाणा आहे. सूचीतली जर्नलं अकारविल्हे लावा, प्रत्येकाचं नाव कधी बदललं ते एकदा शोधा, आणि त्या वर्षाच्या आधीच्या नोंदी हाताने दुरुस्त करा. शंभर नोंदींना एक दुपार जाते. जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहात मात्र जुन्या नावाचे अंक जुन्या नावाखालीच ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे तिथली नोंद बहुधा बरोबर निघते.

५. नाव बदललं की डीओआयही बदलतो का?

नाही. डीओआय म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक; एकदा दिला की तो त्या लेखाला कायमचा चिकटतो. डीओआय टाकल्यावर उघडलेल्या पानावर नवं नाव दिसलं तरी सूचीत जुनंच राहू द्या.

६. कंसात 'आताचे नाव अमुक' असं लिहिलं तर चालेल का?

सूचीत गरज नाही. प्रबंधाच्या मजकुरात पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे एकदा सांगितलंत तर वाचणाऱ्याला बरं पडतं. प्रत्येक नोंदीत कंस घालत बसलात तर सूची वाचवत नाही.

७. नावात नुसतं 'द' वाढलं किंवा 'अँड'च्या जागी चिन्ह आलं, तर तोही बदल धरायचा?

तो किरकोळ बदल. आयएसएसएन देणारी यंत्रणा मोठा बदल आणि किरकोळ बदल असा भेद करते. साधारण नियम असा की नावाच्या पहिल्या पाच शब्दांत काही वाढलं, गळलं किंवा जागा बदलली तर बदल मोठा आणि नवा आठ अंकी क्रमांक मिळतो. उपपदं, 'आणि'चं चिन्ह, स्पेलिंगचा फरक यांना नवा क्रमांक मिळत नाही. म्हणून शंका आली की आधी दोन काळांतला आयएसएसएन ताडून पाहा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक मुळातच वेगवेगळे असतात, ते बघून घाबरू नका.

मधल्या वाटेचं एक खोडकर उदाहरण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चं. १८४० साली ते वेगळ्याच लांबलचक नावाने सुरू झालं, १८५७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' झालं, १९८८ मध्ये नुसतं 'बीएमजे', आणि २०१४ पासून मुखपृष्ठावर 'द बीएमजे'. १८५७ चा बदल मोठा, १९८८ चाही मोठा, शेवटचा 'द' किरकोळ. तेव्हा १९७५ च्या लेखाला 'बीएमजे' लिहू नका, २०१८ च्या लेखाला 'बीएमजे' लिहिलं तर कुणी काही म्हणणार नाही.

८. नाव बदललं की खंड क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो का?

कधी होतो, कधी नाही, आणि अंदाजाने लिहिणारे इथेच फसतात. 'इकॉनॉमिक वीकली'चा खंड ५ म्हणजे १९५३, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा खंड ५ म्हणजे १९७०. तिथे मोजणी नव्याने सुरू झाली. 'जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस' मात्र २००४ मध्ये थेट खंड ११६ पासून निघालं. 'आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकियाट्री' २०१३ मध्ये 'जामा सायकियाट्री' झालं तेव्हा ६९ नंतर ७० असंच पुढे गेलं.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे नाव १९२८ चं, पण खंडांची मोजणी आहे १८२८ पासूनची, 'बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल' या आधीच्या नावाच्या वेळची.

९. एकाच जर्नलचा 'खंड १' दोन वेगवेगळ्या वर्षांचा सापडतोय. कुठला खरा?

दोन्ही. ही मालिकांची भानगड आहे. जुन्या संस्थांची जर्नलं काही वर्षांनी 'नवी मालिका' म्हणून पुन्हा एकपासून मोजायला लागतात. नाव तेच, मोजणी नवी. मग संदर्भात खंडाच्या आधी मालिका लिहावीच लागते.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या काळातला हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला, १८६५ साली 'जर्नल ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी'च्या नव्या मालिकेच्या खंड १ मध्ये. 'नवी मालिका' हे दोन शब्द गाळलेत तर वाचणारा १८३४ च्या खंड १ मध्ये शोधत बसेल आणि त्याला काहीच सापडणार नाही. १९९१ पासून तिसरी मालिका आहे, म्हणजे आणखी एक खंड १.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. भाऊ दाजी मुंबईचे, म्हणून लोक न पाहताच त्या सोसायटीच्या मुंबई शाखेच्या, 'बॉम्बे ब्रँच'च्या जर्नलचं नाव ठोकून देतात. भाऊ दाजींनी तिथेही पुष्कळ लिहिलं, पण हा लेख लंडनच्या जर्नलातला. कीलहॉर्न यांनी पुढे तोच शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या खंड १ मध्ये संपादित केला. पाटणवरच्या प्रबंधात हे दोन्ही 'खंड १' शेजारी शेजारी येतात, त्यामुळे नावं पूर्ण लिहा.

१०. माझा विषय सातपुड्यातले पक्षी आहे. जर्नलचं नाव बदललं, पक्ष्याचं शास्त्रीय नाव बदललं, जिल्हासुद्धा बदलला. आता काय करू?

हा प्रश्न रानपिंगळ्यावर काम करणाऱ्या एका ताईंचा. इतका सुंदर गुंता मला दुसरा माहीत नाही.

शंभरावर वर्षं न दिसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ दिसला. त्याची हकिकत १९९८ साली 'फोर्कटेल'च्या खंड १४ मध्ये आली. 'फोर्कटेल' आता 'जर्नल ऑफ एशियन ऑर्निथॉलॉजी' या नावाने निघतं. तुमच्या सूचीत 'फोर्कटेल'च येणार, प्रश्न १ प्रमाणे.

पक्ष्याचं नाव. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये त्याला 'हेटरोग्लॉक्स' या प्रजातीत घातलं, पुढे तो 'अथीनी'त गेला, मध्ये पुन्हा 'हेटरोग्लॉक्स' मानला गेला, आणि आता परत 'अथीनी'त धरतात. १९९८ च्या लेखाच्या शीर्षकात 'अथीनी' आधी आहे आणि 'हेटरोग्लॉक्स' कंसात. १९९९ मध्ये 'आयबिस'मध्ये याच पक्ष्याच्या बनावट नमुन्यांवर रासमुसेन आणि कॉलर यांचा लेख आला, त्याच्या शीर्षकात 'हेटरोग्लॉक्स' आधी आहे. तुम्ही दोन्ही शीर्षकं जशी छापली तशी उतरवायची. तुमच्या स्वतःच्या वाक्यात आज मान्य असलेलं नाव वापरा.

जिल्ह्याचं तसंच. पक्षी दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. उतारा देताना त्यातला 'धुळे' बदलू नका, तुमच्या वर्णनात 'तेव्हाचा धुळे, आताचा नंदुरबार जिल्हा' असं एकदा लिहा. नकाशावर अर्थातच नंदुरबार.

११. एका जर्नलचे दोन झाले, किंवा दोनाचं एक झालं, तर?

नियम तोच, पण अक्षर विसरायचं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ पासूनचं, १८८७ मध्ये त्याचे ए आणि बी असे दोन भाग झाले. त्यानंतरच्या लेखाला ए किंवा बी लिहिलं नाहीत तर संदर्भ अर्धा राहतो, आणि आधीच्या लेखाला लावलंत तर चुकतो. 'फिजिकल रिव्ह्यू'चे ए, बी, सी, डी भाग १९७० पासूनचे.

विलीन झालेल्यांत 'युरोपियन फिजिकल जर्नल' पाहा. १९९८ मध्ये जर्मन, फ्रेंच आणि इटालियन जर्नलं एकत्र येऊन ते झालं. १९८५ सालचा 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक'मधला लेख त्या जर्मन नावानेच द्यायचा. आणि नावाचं भाषांतर करायचं नाही. 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चं 'तात्त्विक व्यवहार' केलेला एक प्रबंध मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

१२. 'इंडियन अँटिक्वेरी' आणि 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' एकच ना?

नाही, आणि हा फक्त नावबदल आहे असं समजून दोघांची मोळी बांधू नका. 'इंडियन अँटिक्वेरी' जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये सुरू केलं, १९३३ मध्ये ते थांबलं. 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' १९३८ ते १९४७ असं स्वतंत्र चाललं, संपादक सु. मं. कत्रे आणि प. कृ. गोडे. पुढे साठच्या दशकात 'इंडियन अँटिक्वेरी' हे जुनं नाव पुन्हा एका मालिकेने घेतलं. नावात 'न्यू' दिसलं की वर्ष ताडून बघा.

१३. बॉम्बेचं मुंबई झालं. मग जर्नलच्या नावातही मुंबई करायचं?

शहराचं नाव बदलल्याने जर्नलचं बदलत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतं, त्याच्या नावात आजही 'बॉम्बे'च आहे. उलट एशियाटिक सोसायटीचं पाहा. ती आधी 'बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' होती, मग 'एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे', आता 'मुंबई', आणि जर्नलचं नाव संस्थेबरोबर बदलत आलं. तेव्हा हातातल्या अंकावर काय आहे ते पाहा (प्रश्न ३).

१४. आपल्याच विद्यापीठाचा जुना प्रबंध संदर्भात घ्यायचाय. 'उमवि' लिहू की 'कबचौ उमवि'?

पदवी दिली तेव्हाचं नाव. विद्यापीठ १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. २०१२ चा प्रबंध 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव', २०२१ चा पूर्ण नव्या नावाने. १९८५ च्या सुमाराचा असेल तर तेव्हा आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, आणि पुण्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये लागलं. सूचीत आद्याक्षरं नकोत, नाव पूर्ण लिहा.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात शोधताना मात्र नवं आणि जुनं दोन्ही टाकून पाहा. शोधायची रीत आणि लिहायची रीत वेगळी असते.

१५. अंकावर एक वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं. त्यातच नाव बदललं तर?

प्रकाशा येथील उत्खननावर काम करणाऱ्यांना हा घोळ ठाऊक असतो. बी. के. थापर यांचा अहवाल 'एन्शंट इंडिया'च्या २०-२१ या जोडअंकात आहे. अंक १९६४ आणि १९६५ चा, छापून आला १९६७ मध्ये. अशा वेळी अंकाचं वर्ष देऊन 'प्रकाशन १९६७' असं जोडायचं. नाव बदललं असेल तर अंकावर छापलेलं नाव धरायचं, कॅलेंडर पाहून ठरवायचं नाही.

आजचं रूप असं: लेख आधी ऑनलाइन आला जुन्या नावाखाली आणि खंड-अंक मिळाले नव्या नावाखाली. खंड आणि पानं ज्या नावाशी जुळतात ते नाव घ्या.

१६. माझा स्वतःचा पेपर जुन्या नावाच्या जर्नलात आहे. प्राध्यापक भरतीच्या अर्जात काय लिहू?

जुनं नाव, जुना आयएसएसएन. त्यापुढे 'आता अमुक नावाने प्रसिद्ध' असं लिहायला अर्जात हरकत नाही, कारण तिथे छाननी करणारा घाईत असतो. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंद झाली. पेपर छापला त्या वेळी जर्नल यादीत होतं याचा तारखेसह स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा पेपर छाननीत बाद झाला होता. कारण एवढंच की समितीने नवं नाव शोधलं आणि यादीत होतं जुनं. नावबदलाची संपादकीय घोषणा छापून जोडल्यावर काम झालं, पण चार फेऱ्या झाल्या.

१७. एका जर्नलने जुन्या प्रसिद्ध जर्नलचं नाव घेतलंय आणि 'आम्हीच ते' म्हणतंय. खरं कसं ओळखू?

थांबलेल्या किंवा नाव बदललेल्या जर्नलचं जुनं नाव उचलून दुकान थाटणारे आहेत. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाका. नाव, प्रकाशक आणि देश जुळतो का पाहा. जुन्या जर्नलच्या शेवटच्या अंकात पुढच्या नावाची घोषणा असते, ती मिळवा. 'तीन दिवसांत स्वीकृती, फी अमुक' असा मेल आला असेल तर एवढी मेहनतही करू नका.

१८. मूळ अंक मिळालाच नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून संदर्भ घेतोय आणि त्याने नवं नाव लिहिलंय.

मग तुम्ही मूळ लेख वाचलेला नाही, आणि सूचीत तसं दिसलं पाहिजे: मूळ लेखकाचं नाव, 'उद्धृत' हा शब्द आणि ज्या पुस्तकातून घेतलं ते. ज्याने नवं नाव लिहिलं त्याची चूक आपल्या नावावर का घ्यायची? खरं म्हणजे आधी मूळ अंक मिळवायचा एक प्रयत्न करा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुने अंक चाळायला दिवस काढावा लागतो, पण मिळतात.

१९. सगळं पटलं, पण गाईड सर म्हणतात सगळीकडे नवंच नाव टाका. काय करू?

वाद घालू नका, कागद दाखवा. तुमच्या विभागाने जी संदर्भशैली ठरवली आहे तिच्या पुस्तिकेतलं नियतकालिकाच्या नावाचं पान आणि त्या लेखाचं पहिलं पान, दोन्ही छापून सोबत न्या. बहुतेक सर तिथेच ऐकतात. तरीही नाही म्हणाले तर मला निरोप द्या. मी शनिवारी दुपारी दोनपर्यंत ग्रंथालयात असतो.